अंतर, वेग आणि दिशा : अंतराळयानांच्या जोडणीचा इतिहास

पृथ्वीभोवती फिरणारी दोन याने एकमेकांजवळ आणून घट्ट जोडण्याच्या क्रियेला डॉकिंग म्हणतात. अंतराळस्थानकात माणसे आणि सामान पोचवणे, मोठे स्थानक तुकड्यातुकड्यांनी उभारणे, चंद्रावरून निघालेले नमुने परतीच्या यानात घेणे ही सारी कामे या एका क्रियेवर अवलंबून आहेत. अमेरिकेच्या जेमिनी-८ यानाने ती १६ मार्च १९६६ रोजी जगात प्रथम साधली. भारताच्या दोन उपग्रहांनी १६ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या जवळजवळ एकोणसाठ वर्षांत माणसाच्या हातातले बरेचसे काम संगणकाकडे गेले आणि विमानघराच्या छताला टांगलेला सराव-सिम्युलेटर घरातल्या टेबलावर येऊन बसला. मोजायच्या तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच राहिल्या आहेत : समोरचे यान किती दूर आहे, ते अंतर किती वेगाने घटते आहे आणि दोन्ही यानांची तोंडे एका रेषेत आहेत की नाहीत. डॉकिंगचा इतिहास हा मुख्यतः या तीन आकड्यांवर भरवसा ठेवायला शिकण्याचा इतिहास आहे.

नजर का फसते

चारशे-पावणेपाचशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर असतो. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलपासून मुंबईचे सरळ अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. असे यान तेवढी भूमी पस्तीस-चाळीस सेकंदांत ओलांडते. पण दोन याने एकाच कक्षेत, एकाच दिशेने, एकाच वेगाने जात असली तर ती एकमेकांना जवळपास स्थिर दिसतात. डॉकिंगमध्ये प्रश्न असतो तो या प्रचंड वेगाचा नव्हे, दोन वेगांमधल्या किंचित फरकाचा.

हा फरक हाताळताना जमिनीवरची सवय उपयोगी पडत नाही. रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. कक्षेत पुढच्या यानाच्या दिशेने जोर लावला, तर मागचे यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढते. मोठ्या कक्षेत फेरी पुरी व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे ते थोड्याच वेळात मागे पडू लागते. उलट वेग कमी केला तर यान खालच्या कक्षेत उतरते, फेरी लवकर पुरी करते आणि पुढे सरकते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानातील जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटच्या मोकळ्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. समोर दिसणाऱ्या टप्प्याकडे तोंड करून ते जोर लावत राहिले, पण टप्पा हाती लागला नाही. इंधन संपत चालल्याने तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

याचे गणित तेव्हा अज्ञात नव्हते. चंद्राच्या गतीचा अभ्यास करताना जॉर्ज विल्यम हिल यांनी १८७८ मध्ये सापेक्ष गतीची समीकरणे मांडली होती. १९६० मध्ये क्लोहेसी आणि विल्टशायर या दोघांनी ती उपग्रहांच्या भेटीसाठी वापरता येतील अशा सोप्या रूपात आणली. १९६३ मध्ये एडविन ऑल्ड्रिन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कक्षेतील भेटीवरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. उणीव होती ती हे गणित वैमानिकाच्या हातात उतरवण्याची.

नजर फसण्याचे दुसरे कारण प्रकाशाचे आहे. अंतराळात हवा नाही, म्हणून दूरची वस्तू धूसर दिसत नाही. शेजारी झाड, घर, रस्ता असे काही नसते, त्यामुळे आकारावरून अंतराचा अंदाज बांधता येत नाही. उन्हातली बाजू डोळे दिपवते आणि सावलीतली पार काळी पडते. दर दीड तासाच्या फेरीत अर्ध्या तासाहून अधिक काळ यान पृथ्वीच्या सावलीत असते. म्हणून पहिल्यापासूनच रडार, अंतरमापक आणि दिशादर्शक उपकरणांवर भर द्यावा लागला.

छताला टांगलेले यान

उपकरणे पाहून यान चालवण्याचा सराव जमिनीवर करण्याची कल्पना अंतराळयुगाहून जुनी आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये जेम्स डूलिटल यांनी बाहेरचे काही दिसणार नाही अशी खोळ घालून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवले आणि उतरवले. त्याच सुमारास एडविन लिंक यांनी हवेच्या भात्यांवर हलणारी बंद पेटी तयार केली. तिच्यात बसून शिकाऊ वैमानिक काटे पाहून उडायला शिकत. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक या लिंक ट्रेनरवर तयार झाले.

अंतराळासाठी नासाने व्हर्जिनिया राज्यातील लँगली संशोधन केंद्रात १९६३ मध्ये डॉकिंग सिम्युलेटर उभारला. विमानघराच्या छताखाली रुळांवर सरकणारी चौकट होती. तिला तारांनी आणि फिरत्या कड्यांनी टांगलेले जेमिनी यानाचे पूर्ण आकाराचे प्रतिरूप पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरके आणि तिन्ही अक्षांभोवती फिरे. समोर लक्ष्ययानाचे प्रतिरूप असे. आत बसलेला अंतराळवीर दोन मुठी हलवी; एक मूठ यान वळवण्यासाठी, दुसरी यान सरकवण्यासाठी. मुठीचा इशारा संगणकात जाई आणि अंतराळात यान जसे हलले असते तसे ते प्रतिरूप हले. जेमिनी आणि अपोलो या दोन्ही कार्यक्रमांतील अंतराळवीरांनी येथे सराव केला. अमेरिकेने १९८५ मध्ये या सिम्युलेटरला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

वळवणे आणि सरकवणे या दोन क्रिया स्वतंत्र ठेवणे हा या सरावाचा गाभा होता. यानाचे तोंड थोडे डावीकडे वळले म्हणून ते डावीकडे जाऊ लागत नाही. ते पूर्वीच्याच वाटेने, फक्त तिरके होऊन जात राहते. तोंड सरळ करणे हे एक काम आणि वाट सरळ करणे हे दुसरे. नवशिक्याची गडबड बहुधा इथेच होते, आणि ती आधी जमिनीवर झालेली बरी, हे लँगलीतल्या अभियंत्यांनी ओळखले होते.

जेमिनीची दोन वर्षे

ऑक्टोबर १९६५ मध्ये जेमिनी-६ साठी पाठवलेले एजेना हे लक्ष्ययान कक्षेत पोचलेच नाही. मग बेत बदलला. १५ डिसेंबर १९६५ रोजी वॉल्टर शिरा आणि टॉमस स्टॅफर्ड यांनी जेमिनी-६ए यान आधीच फिरत असलेल्या जेमिनी-७ जवळ नेले. दोन यानांतले अंतर सुमारे तीस सेंटिमीटरपर्यंत खाली आले. जोडणीची सोय नसल्याने याने जोडली गेली नाहीत, पण रडार, यानावरचा छोटा संगणक आणि कागदी तक्ते यांच्या साहाय्याने भेट घडवता येते, हे ठरले.

तीन महिन्यांनी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी-८ एजेनाला जोडले. काही वेळातच जोडलेली याने गरगरू लागली. दोष एजेनात असावा असे समजून त्यांनी याने सुटी केली, तर जेमिनी आणखी वेगाने फिरू लागले. सेकंदाला जवळपास एक फेरी. यानाचा एक थ्रस्टर, म्हणजे यान हलवणारे छोटे रॉकेट, सुरूच राहिला होता. आर्मस्ट्राँग यांनी मुख्य थ्रस्टर बंद करून वातावरणात परतण्यासाठी राखलेली यंत्रणा वापरली आणि यान सावरले. मोहीम तिथेच आटोपती घ्यावी लागली. जोडणी जमणे आणि जोडलेले यान ताब्यात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२ चे रडार लक्ष्ययानाची नोंद नीट देईना. त्या यानात जेम्स लव्हेल यांच्यासोबत तोच प्रबंध लिहिणारे ऑल्ड्रिन होते. त्यांनी सेक्स्टंटने कोन मोजले, तक्त्यांवरून वेगाचे आकडे काढले आणि यान एजेनापर्यंत नेले. उपकरण बिघडले तरी त्यांनी अंदाजावर विसंबणे टाळले. दुसरे, जुने उपकरण हाती घेतले.

सोव्हिएत वाट : आधी यंत्र, मग माणूस

सोव्हिएत अभियंत्यांनी सुरुवातीपासून स्वयंचलित जोडणीवर भर दिला. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी कॉसमॉस-१८६ आणि कॉसमॉस-१८८ या माणूस नसलेल्या यानांनी एकमेकांना शोधून जोडणी केली. जगातली ती पहिली स्वयंचलित जोडणी. ‘इग्ला’ ही रेडिओ यंत्रणा दोन यानांतले अंतर, वेग आणि कोन मोजून थ्रस्टरांना हुकूम देत असे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सोयूझ-३ मधील गिओर्गी बेरेगोव्हॉय यांनी हाताने जोडणीचा प्रयत्न केला, तो फसला. काळोखात त्यांचे यान लक्ष्ययानाच्या तुलनेत उलटे झाले होते. १६ जानेवारी १९६९ रोजी व्लादिमीर शातालोव यांनी सोयूझ-४ हे यान सोयूझ-५ ला जोडले. माणसे असलेल्या दोन यानांची ही पहिली जोडणी. भारताची पहिली जोडणी बरोबर छप्पन्न वर्षांनी, याच तारखेला झाली.

१९७१ पासून अंतराळस्थानकांचे युग सुरू झाले आणि डॉकिंग नित्याचे काम बनले, तरी सोपे झाले नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये सोयूझ-१० हे यान सॅल्यूत-१ या स्थानकाला टेकले, पण कुलपे लागली नाहीत. त्याआधी फेब्रुवारीच्या तोंडावर चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१४ ला चांद्रयानाशी जोडणीसाठी सहा वेळा प्रयत्न करावे लागले होते. जुलै १९७५ मध्ये अपोलो आणि सोयूझ जोडले गेले, तेव्हा व्लादिमीर सिरोम्यात्निकोव यांच्या चमूने घडवलेली नवी जोडकडी वापरली गेली. आधीच्या पद्धतीत एका यानावर दांडा आणि दुसऱ्यावर खोबण असे. नव्या कडीत दोन्ही बाजू सारख्या होत्या, त्यामुळे कोणतेही यान पुढाकार घेऊ शकत असे. आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या काही जोडकड्या आणि भारताची जोडकडी याच विचाराच्या पुढच्या पायऱ्या आहेत.

याच सोव्हिएत परंपरेतून पहिला भारतीय अंतराळात गेला. राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा यांनी मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत प्रशिक्षण घेतले. ३ एप्रिल १९८४ रोजी निघालेले सोयूझ टी-११ दुसऱ्या दिवशी सॅल्यूत-७ ला जोडले गेले. यानाचे नेतृत्व युरी मालिशेव यांच्याकडे होते.

पुढच्याच वर्षी सॅल्यूत-७ वरची वीज गेली. माणूस नसलेले ते स्थानक दिशाहीन फिरू लागले आणि इग्लाला प्रतिसाद मिळेना. जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख सोयूझ टी-१३ मधून तिकडे गेले. जानिबेकोव यांनी हातात धरायच्या लेझर अंतरमापकाने अंतर मोजत, मुठींनी यान नेऊन जोडणी केली. मृत स्थानक त्यांनी पुन्हा चालू केले. हाताने केलेल्या जोडणीतले हे आजवरचे एक मोठे यश मानले जाते.

१९९७ : आकड्यांवाचून जोडणी

२५ जून १९९७ चा अपघात जानिबेकोव यांच्या जोडणीच्या नेमका उलट आहे. मीर स्थानकावर मालवाहू प्रोग्रेस एम-३४ दूरनियंत्रणाने जोडून पाहायचे होते. इग्लाच्या जागी आलेली ‘कुर्स’ ही स्वयंचलित यंत्रणा महाग पडत होती. ती वगळता येईल का, हे तपासणे हा एक हेतू होता. वासिली त्सिब्लियेव हे मीरमध्ये बसून, प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर पाहत मुठी हलवत होते. आधीच्या एका चाचणीत चित्र बिघडले, त्याचे कारण कुर्सच्या लहरी असाव्यात असे समजून या वेळी ते रडार बंद ठेवलेले होते. त्यामुळे अंतर आणि वेग यांचे भरवशाचे आकडे समोर नव्हते. पडद्यावर मागे ढगांनी भरलेली पृथ्वी आणि तिच्यावर अस्पष्ट मीर. सहकारी खिडकीतून प्रोग्रेस शोधत होते. ते दिसले तेव्हा उशीर झाला होता.

प्रोग्रेस सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने स्पेक्त्र या कक्षावर आदळले. सौरपट्ट वाकला, कक्षाला भोक पडून हवा निसटू लागली. अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल यांनी दारातून गेलेल्या तारा तोडून आणि काढून स्पेक्त्रचे दार बंद केले, म्हणून तिघे वाचले. त्सिब्लियेव यांचा या कामाचा सिम्युलेटरवरचा शेवटचा औपचारिक सराव कित्येक महिन्यांपूर्वी झाला होता, हेही नंतर दाखवून देण्यात आले. अंतर आणि वेग न कळता फक्त चित्र पाहून यान आणणे, तेही सराव शिळा झालेल्या माणसाकडून, हे दुहेरी संकट होते. पुढे स्थानकांवर संगणकावर सराव करण्याची सोय हा दूरनियंत्रित जोडणीच्या तयारीचा भाग बनला.

टेबलावरचा सिम्युलेटर

सामान्य माणसाला या कौशल्याची ओळख संगणकीय खेळांनी करून दिली. १९८४ मधल्या ‘एलिट’ या खेळात गोल फिरणाऱ्या स्थानकाच्या चिंचोळ्या दारातून यान आत न्यावे लागे. तिथे कक्षेचे भौतिकशास्त्र नव्हते. ते बऱ्याच काटेकोरपणे आणले ‘ऑर्बिटर’ने. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील मार्टिन श्वाइगर यांनी २००० मध्ये तो विनामूल्य उपलब्ध केला आणि २०२१ मध्ये त्याचा मूळ संगणकीय मजकूरही खुला केला. साध्या संगणकावर चालणारा हा सिम्युलेटर शिकताना मॅकडिव्हिट यांची अडचण, बेरेगोव्हॉय यांची चूक आणि जानिबेकोव यांची शिस्त या तिन्हींची प्रचीती येते.

ऑर्बिटरमधले यान स्थानकापर्यंत नेण्याचे टप्पे प्रत्यक्ष मोहिमांसारखेच आहेत. पहिला टप्पा कक्षांची पातळी जुळवण्याचा. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. कुंडल साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने स्थानकाची वाट कुंडलवरूनही जाते, आणि पहाटे किंवा सांजेला ते नुसत्या डोळ्यांनी सरकत्या ताऱ्यासारखे दिसते. पृथ्वी खाली फिरत असल्याने प्रत्येक फेरीची वाट जमिनीवर पश्चिमेला सरकते; म्हणून यान सोडण्याची वेळ प्रक्षेपणस्थळ त्या पातळीखाली येण्याच्या क्षणाशी जुळवावी लागते. उरलेला फरक दोन कक्षा जिथे छेदतात तिथे आडवा जोर लावून काढून टाकतात.

दुसरा टप्पा गाठभेटीचा. पडद्यावरचे उपकरण पुढच्या काही फेऱ्यांत यान आणि स्थानक ठरावीक बिंदूवर कधी पोचतील ते दाखवते. कक्षा थोडी लहान किंवा मोठी करून दोन्ही वेळा एक केल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात जवळ आल्यावर सापेक्ष वेग शून्यावर आणतात आणि रेडिओ स्थानकाच्या जोडणी-संकेताला लावतात. मग डॉकिंगचे उपकरण बोलू लागते. त्यावर अंतर, जवळ येण्याचा वेग, ठरलेल्या वाटेपासून बाजूला सरकलेले अंतर आणि त्या बाजूच्या सरकण्याचा वेग हे आकडे दिसतात. एक फुली वाट चुकल्याचे सांगते, दुसरी तोंड वाकडे असल्याचे आणि एक बाण यान स्वतःभोवती किती कललेले आहे ते.

क्रम पक्का आहे. आधी तोंड सरळ, मग कलणे दुरुस्त, मग बाजूचे सरकणे शून्य, आणि त्यानंतरच पुढे. वळवण्याची आणि सरकवण्याची कळ वेगवेगळी ठेवावी लागते. प्रत्येक दुरुस्ती छोटी करायची आणि उलट झटक्याने थांबवायची, कारण अंतराळात घर्षण नाही. सुरू केलेली हालचाल आपण होऊन थांबत नाही. वेगासाठी अमेरिकी शटलच्या वैमानिकांचा एक अंगठेनियम उपयोगी पडतो : जवळ येण्याचा वेग अंतराच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. हजार मीटरवर सेकंदाला एक मीटर, शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. शटल स्थानकाला टेके तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर असे. खिडकीतून स्थानक स्थिर दिसत असताना आकडा सरकत असतो, आणि खरा तो आकडाच असतो.

मे २०२० मध्ये स्पेसएक्सने क्रू ड्रॅगन यानाच्या पडद्यासारखाच सिम्युलेटर सर्वांसाठी खुला केला. त्यात सारे विचलन ०.२ मीटर आणि ०.२ अंशांच्या आत आले तरच जोडणी होते. याच प्रकारच्या यानातून ॲक्सिऑम-४ मोहिमेचे वैमानिक शुभांशू शुक्ला २६ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोचले. प्रत्यक्षात ड्रॅगन स्वतःच जोडणी करते. आतली माणसे आकड्यांवर लक्ष ठेवतात आणि गरज पडली तरच हात घालतात.

भारताची जोडणी

भारताने डॉकिंगची सुरुवातच माणसाशिवाय केली. स्पेडेक्स या प्रयोगाचे दोन उपग्रह, पाठलाग करणारा एसडीएक्स-०१ आणि लक्ष्य असलेला एसडीएक्स-०२, प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे होते. ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० ने ते ४७५ किलोमीटर उंचीच्या, ५५ अंश कलाच्या कक्षेत सोडले.

या प्रक्षेपकाच्या परंपरेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांच्या घन-इंधन मोटारींची पोलादी आवरणे १९७० च्या दशकापासून बनत आली आहेत आणि विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात द्रव-इंधनाची विकास इंजिने. पीएसएलव्ही-सी६० चा चौथा टप्पा नंतर पीओईएम-४ या प्रयोगपीठाच्या रूपाने फिरत राहिला. त्यावर पुण्याच्या एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीचे आणि मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचे प्रयोग होते.

स्पेडेक्सची उपकरणयोजना अंतराच्या पायऱ्यांवर बेतलेली होती. दूरवर उपग्रहस्थिती-यंत्रणेने दोन्ही उपग्रहांचे सापेक्ष स्थान काढले जाई आणि ते परस्परांमधल्या रेडिओ दुव्याने एकमेकांना कळे. सहा किलोमीटरपासून दोनशे मीटरपर्यंत लेझर अंतरमापक काम करी, त्याच्या जोडीला भेटीसाठीचे संवेदक, आणि तीस मीटरपासून जोडणीपर्यंत अगदी जवळचे संवेदक. ५ किलोमीटर, १.५ किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि ३ मीटर अशा थांब्यांवर उपग्रह थबकून, आकडे तपासून मगच पुढे सरकायचे होते. शेवटी टेकण्याचा वेग सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर. भारतीय जोडकडीचा व्यास ४५० मिलिमीटर आहे आणि ती दोन मोटारींवर चालते. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या कडीला चोवीस लागतात.

आधी ठरलेली ७ जानेवारीची जोडणी पुढे ढकलली गेली, कारण प्रयत्न अर्ध्यावर सोडावा लागेल अशी एक शक्यता लक्षात आली आणि तिची जमिनीवर सिम्युलेशनने पडताळणी करणे आवश्यक ठरले. ९ जानेवारीचा मुहूर्तही टळला. २२५ मीटरकडे सरकताना उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त वाहवले. त्यानंतरच्या चाचणीत उपग्रह १५ मीटर आणि मग ३ मीटरपर्यंत आणून पुन्हा दूर नेले आणि मिळालेले आकडे अभ्यासले. १६ जानेवारीला जोडणी झाली. १३ मार्चला उपग्रह वेगळे केले. २० एप्रिलला ते पुन्हा जोडले, तेव्हा ३ मीटरचा थांबाही घेतला नाही. १५ मीटरपासून सारे काम उपग्रहांनी स्वतः केले. दुसऱ्या दिवशी एका उपग्रहाने दुसऱ्याला वीज पुरवली.

अमेरिका, रशिया आणि चीननंतर भारत चौथा देश ठरला, असे इस्रोने जाहीर केले. जपाननेही जुलै १९९८ मध्ये हिकोबोशी आणि ओरिहिमे हे एकत्र सोडलेले दोन उपग्रह वेगळे करून पुन्हा स्वयंचलित रीतीने जोडले होते. ते मोजले तर क्रमांक बदलतो. क्रमांकापेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. दोनदा मुहूर्त टाळून, आधी जमिनीवर पडताळून आणि तीन मीटरवरून परत फिरून इस्रोने जी जोडणी केली, तिच्यात मीरच्या अपघाताने शिकवलेले बहुतेक सगळे आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली. चंद्रावरची माती पृथ्वीवर आणण्याच्या या मोहिमेत जोडण्या पृथ्वीभोवती आणि चंद्राभोवतीही करायच्या आहेत. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचे आणि २०३५ पर्यंत ते पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. या दोन्ही कामांसाठी डॉकिंग हा प्रयोग न राहता नेहमीचा व्यवहार व्हावा लागेल.